मौज पाण्यातच आहे: बालस्वच्छतेच्या रंजनवादाचा प्रतिवाद

दीड ते तीन वर्षांच्या मुलांना हात धुणे, दात घासणे, अंघोळ करणे, नाक पुसणे, नखे कापून घेणे या रोजच्या सवयी लावायच्या असतील तर त्या आधी गमतीदार करून घेतल्या पाहिजेत, हे मत आता महानगरांपुरते राहिलेले नाही. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावीही ते वादातीत असल्यासारखे मांडले जाते आणि त्यापाठोपाठ लागणाऱ्या सामग्रीची यादीही पुढे येते. कार्टूनचे तोंड असलेला ब्रश, स्ट्रॉबेरीच्या चवीची पेस्ट, न्हाणीघराच्या दारावर लावायचा चांदण्यांचा तक्ता, ब्रश तोंडात जाईपर्यंत समोर धरायचा मोबाईल आणि हातावरच्या ‘जंतुराक्षसा’ची गोष्ट ही त्या यादीतील ठळक नावे होत. या भूमिकेला येथे रंजनवाद म्हटले आहे. रंजनवाद म्हणजे स्वच्छतेची कृती मुळात कंटाळवाणी किंवा नकोशी असते आणि तिच्याभोवती बाहेरून करमणूक गुंडाळल्याशिवाय मूल ती स्वीकारणार नाही, असे धरून चालणारा विचार. त्याचा हेतू चांगला आहे, परंतु त्याचा पाया असलेले हे गृहीतकच चुकीचे आहे.

या विचाराचा उगम न्याय्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मुलाला काखोटीला मारून न्हाणीत नेणे, डोळ्यांत साबण गेला म्हणून ते रडले तर वरून एक धपाटा देणे, दात न घासल्यास डॉक्टर सुई टोचतील अशी भीती घालणे, बागुलबुवाला हाक मारणे ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि तिच्याविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून रंजनवाद पुढे आला. धाकापेक्षा गाणे बरे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र धाक घालणारा आणि लालूच दाखवणारा हे दोघे एकाच समजुतीवर उभे आहेत, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पाणी, फेस आणि स्वतःचे अंग यांत मुलाला आपणहून काही रस असेल, हे दोघांनाही मान्य नाही. म्हणून एक मागून ढकलतो, दुसरा पुढून ओढतो, आणि दोन्ही वेळा मूल कृतीऐवजी कृतीबाहेरच्या कशाकडे तरी पाहत राहते.

या समजुतीला उत्तर देणारा पुरावा रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात घरोघर पाहावयास मिळतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस घेणाऱ्या या जिल्ह्यात जांभ्याच्या तांबड्या मातीचा चिखल होतो, आणि खळ्यातून पडवीत पाऊल टाकण्याआधी पाय धुवायचे हा दंडक जुन्या कौलारू घरांतून आजही पाळला जातो. पायरीशी पाण्याने भरलेली बादली किंवा दगडी डोण असते, तिच्यात तांब्या असतो आणि शेजारी पाय ठेवण्यापुरती धोंड असते. बाहेरून आलेला मोठा माणूस एका पायाने दुसऱ्या पायाची टाच घासतो, वरून पाणी ओततो, आणि धोंडीवरून आधी तांबडे, मग गढूळ, मग नितळ पाणी ओघळते. दोन वर्षांचे मूल हे बघत उभे राहते व दुसऱ्याच क्षणी खांबाला धरून तेच करू लागते. तांब्या दोन्ही हातांनी उचलते, निम्मे पाणी पायावर व निम्मे बाहेर सांडते, पाणी नितळ झालेले दिसले तरी आणखी एक तांब्या घेते, आणि त्याला तेथून उचलून घरात न्यावे लागते. येथे कोणी गाणे म्हटलेले नसते, चांदणी दिलेली नसते, राक्षसाची गोष्ट सांगितलेली नसते. मळ डोळ्यांना दिसतो, साधन हाताच्या उंचीवर असते, घरातील थोर माणसेही तेच करतात आणि केलेल्या कृतीचा परिणाम तत्क्षणी समोर वाहत जातो. या चार गोष्टी जमून आल्या की मौज वेगळी आणावी लागत नाही.

हेच मूल त्याच घरातील बेसिनपाशी हात धुवायला मात्र का कुरकुरते, असा प्रश्न रंजनवाद्याने स्वतःला विचारावयास हवा होता. दोन वर्षांच्या मुलाची सरासरी उंची सुमारे ८६ सेंटिमीटर असते आणि मोठ्यांसाठी बसवलेल्या बेसिनची कड साधारण ८० सेंटिमीटरांच्या आसपास येते. म्हणजे ती कड मुलाच्या डोळ्यांशी लागते आणि नळ त्याच्या दृष्टीला पडत असला तरी हाताला लागत नाही. परिणामी कोणीतरी त्याला काखेत धरून टांगते, पोट कडेवर दाबले जाते, दुसऱ्या हाताने त्याचे हात चोळले जातात, नळ उघडणारा व बंद करणारा दुसराच कोणी असतो आणि मळ आधीही दिसत नव्हता, नंतरही दिसत नाही. अशा स्थितीत मूल रडले तर त्याला हात धुण्याचा कंटाळा आहे असे अनुमान काढणे म्हणजे टांगून घेण्याचा राग धुण्याच्या नावावर खपवणे होय. येथे कार्टूनची बाटली आणण्याआधी एक भक्कम चौरंग आणून ठेवला पाहिजे.

आरोग्याच्या दृष्टीने पायांपेक्षा हातांचे महत्त्व अधिक, हे वेगळे सांगावयास नको. विष्ठेतील रोगजंतू हातांवाटे अन्नात व तोंडात जाणे हा अतिसाराचा एक मुख्य मार्ग आहे आणि साबणाने हात धुतल्यास अतिसाराचा धोका ४२ ते ४७ टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असा निष्कर्ष व्हॅलरी कर्टिस व सँडी केअर्नक्रॉस यांनी २००३ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून काढला होता. ही सवय लागावी की नाही हा वादाचा मुद्दाच नाही. ती कशाच्या आधारावर टिकते हा आहे.

मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले, तेव्हा त्यांच्या निदर्शनास आलेल्या गोष्टींपैकी एक अशी की हात धुण्यास शिकलेली मुले हात स्वच्छ झाल्यावरही पुन्हा पुन्हा धूत राहत. मोठा माणूस हात धुतो तो हात स्वच्छ व्हावेत म्हणून. लहान मूल धुते ते धुण्यासाठी, कारण पाणी ओतणे, साबण फिरवणे, बोटांमध्ये बोटे घालणे या क्रमावर ताबा मिळवणे हेच त्याचे त्या वयातील काम असते. माँटेसरी पद्धतीत ‘जीवनव्यवहाराचे उपक्रम’ या नावाने जो विभाग येतो, म्हणजे ओतणे, पुसणे, धुणे, बटणे लावणे अशी घरची खरी कामे मुलाच्या हाताच्या मापाच्या खऱ्या वस्तूंनी करू देणे, त्याचा पाया हाच आहे. त्यात हात धुण्यासाठी लहान तांब्या, पसरट भांडे, साबणाची वडी आणि टॉवेल यांपलीकडे काहीही लागत नाही.

त्यांनीच सांगितलेला नाक शिंकरण्याचा प्रसंग तर रंजनवादाला थेट उत्तर देणारा आहे. एकदा त्यांनी मुलांना रुमालाने नाक कसे शिंकरावे, आवाज कमीत कमी कसा करावा, रुमाल नजरेत न येता कसा आवरावा हे शांतपणे करून दाखवले. मुले हसली नाहीत. एकाग्रतेने पाहत राहिली आणि पाठ संपताच त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माँटेसरी यांनी त्याचे कारण असे लावले की नाकावरून मुले सतत बोलणी खातात, परंतु ते कसे स्वच्छ करावे हे त्यांना कोणी आदराने शिकवलेले नसते. मराठी घरांत ‘शेंबडं पोर’ ही शिवी किती सहज उच्चारली जाते, पावसाळ्यात सर्दीने बेजार झालेल्या मुलाचे नाक पदराने किंवा फ्रॉकच्या टोकाने पाठीमागून येऊन किती जोराने पिळले जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना रोममधील त्या टाळ्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. त्या मुलांना करमणूक मिळाली नव्हती, मान मिळाला होता. आणि मान मिळाल्याचा आनंद करमणुकीपेक्षा अधिक काळ टिकतो.

हा विचार परदेशातून आला म्हणून तो येथे परका राहिला, असेही नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि त्यातूनच अंगणवाडीची कल्पना रूढ झाली. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी ते शेवटपर्यंत चालवले. मुलांना स्वच्छ करणे आणि स्वच्छ राहण्यास शिकवणे हा तेथील दिनक्रमाचाच भाग होता, तो कोणत्याही खास कार्यक्रमाचा विषय नव्हता. आणि महागड्या साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तू वापरायच्या हे ताराबाईंचे धोरण होते. ज्या वस्तीतील मुलांना ‘घाणेरडी’ म्हणून हिणवले जाण्याचीच सवय होती, तेथे स्वच्छतेचा संबंध लाज वाटण्याशी न जोडता स्वतःच्या अंगाची काळजी घेण्याशी जोडणे हे किती अवघड व किती मोलाचे काम होते, याचा विचार बालसाहित्याच्या दुकानातून सुरू होणाऱ्या आजच्या चर्चेत क्वचितच होतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिने अंगणवाडी हे नाव घेतले. त्यामागील ही दृष्टी मात्र नोंदवह्यांच्या ओझ्याखाली बरीचशी मागे पडली, असे म्हणावे लागते.

रंजनवादाच्या शस्त्रांपैकी सर्वांत लोकप्रिय शस्त्र बक्षिसाचे. दात घासले की चांदणी, सात चांदण्या झाल्या की चॉकलेट (दातांसाठी चॉकलेट, यातील विनोद बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही). मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या, चित्रे काढण्याची आधीच आवड असलेल्या मुलांचे तीन गट केले होते. एका गटाला चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगितले, दुसऱ्याला न सांगता बक्षीस दिले, तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात तीच रंगीत पेने समोर ठेवली असता, आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतर दोन गटांपेक्षा त्यांच्याकडे कमी वळली. म्हणजे आवडीच्या कामाला मोबदला ठरवून दिला की ते काम मोबदल्यापुरतेच उरते. यावर असा आक्षेप घेता येईल की चित्रे मुलांना आवडतच होती, दात घासणे आवडत नाही, म्हणून हा प्रयोग येथे लागू होत नाही. आक्षेप रास्त आहे, परंतु तो अर्धाच लागू पडतो. पाण्याशी संबंधित कृती, म्हणजे हात-पाय धुणे व अंघोळ, मुलाला मुळात आवडतात. तेथे चांदणी दिली तर नुकसानच होते. दात घासणे आणि नखे कापणे यांची गोष्ट खरोखर निराळी आहे.

ब्रश हिरडीला टोचतो, पेस्ट झोंबते, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाचे मनगट सर्व दातांवर नीट ब्रश फिरवण्याइतके वळत नाही. म्हणून मुलाने आधी स्वतः घासावे आणि नंतर मोठ्याने ते पुरे करावे, हा क्रम काही वर्षे ठेवावाच लागतो. याला गमतीचे रूप देण्याच्या भरात गोड, फळाच्या चवीची पेस्ट आणली जाते व मूल ती चाटून गिळते. पेस्टमधील फ्लोराइड दातांना कीड लागण्यापासून वाचवते, पण लहान वयात ते वारंवार पोटात गेल्यास हिरडीखाली घडत असलेल्या कायमच्या दातांवर डाग येऊ शकतात. म्हणूनच तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढीच पेस्ट घ्यावी असे दंतवैद्य सांगतात. जी वस्तू थुंकायची आहे तिला खाऊची चव देणे ही बाजाराची सोय झाली. नखांसाठी उपाय अगदी साधा आहे: अंघोळीनंतर ती मऊ असताना किंवा मूल झोपलेले असताना कापावीत, आणि त्यात मौज शोधण्याच्या फंदात कोणी पडू नये.

गाण्याविषयी मात्र सवलत द्यावी लागेल. हातांवर साबण सुमारे वीस सेकंद चोळावा असे सांगितले जाते आणि दोन वर्षांच्या मुलाला सेकंद ठाऊक नसतात. अशा वेळी दोन-चार ओळींचे गाणे हे घड्याळाचे काम करते, आणि न्हाऊ घालताना म्हणायची गाणी मराठीत घरोघरी आहेतच. ते गाणे मूल आणि मोठे माणूस एकत्र म्हणतात, त्याचा ठेका हात चोळण्याच्या ठेक्याशी जुळतो आणि ते संपले की पाणी घ्यायचे हे मुलाला कळते. मोबाईलवरचे गाणे याच्या नेमके उलट काम करते, कारण ते डोळे हातांवरून काढून पडद्याकडे नेते. तोंड आपोआप उघडे राहते, ब्रश दुसरेच कोणी फिरवते आणि ज्या दिवशी मोबाईलचा चार्ज संपतो त्या दिवशी सवयही संपते.

जंतुराक्षसाच्या गोष्टीमागे तर बालमनाविषयीचे अज्ञानच आहे. किळस ही भावना जन्मजात तयार स्वरूपात येत नाही, ती हळूहळू घडते. पॉल रोझिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कुत्र्याच्या विष्ठेसारखा दिसणारा परंतु खाद्यपदार्थांपासून बनवलेला गोळा दोन वर्षांखालील बऱ्याच मुलांनी बिनदिक्कत तोंडात घातला होता. दिसणारी घाणही ज्या वयात घाण वाटत नाही, त्या वयात न दिसणाऱ्या जंतूंचा युक्तिवाद करणे निष्फळ आहे; आणि तो राक्षसाच्या रूपात केला तर मुलाच्या पदरी फक्त भीती पडते, म्हणजे रंजनवाद बागुलबुवालाच नवे कपडे घालून परत आणतो.

किळस व वात्सल्य यांना आवाहन करण्याची जागा दुसरी आहे आणि ती मोठ्यांची आहे. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात १४ गावांमध्ये ‘सुपरअम्मा’ नावाच्या हात धुण्याच्या मोहिमेची चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्या मोहिमेने रोगांची माहिती न देता किळस आणि आईपणाचा अभिमान या भावनांना हात घातला, आणि महत्त्वाच्या वेळी साबणाने हात धुण्याचे जे प्रमाण आरंभी एक-दोन टक्के होते ते मोहीम राबवलेल्या गावांत सहा महिन्यांनंतर ३७ टक्क्यांपर्यंत गेले. हा आकडा उत्साहवर्धक आहे तसाच तो आरशासारखाही आहे, कारण आरंभीचे एक-दोन टक्के हे मोठ्यांचे वर्तन होते. लहान मुलाच्या विष्ठेत काही वाईट नसते ही समजूत कोकणातही आढळते; ती निखालस चुकीची आहे, आणि मुलाची शी धुतल्यावर नुसत्या पाण्याखाली हात धरून भाताला लागणारी व्यक्ती मुलाच्या न धुतलेल्या हातांपेक्षा मोठा धोका निर्माण करते. रंजनवादाचा सर्वांत गंभीर दोष येथे आहे: तो सुधारणेचा सारा भार त्या दोन वर्षांच्या जिवावर टाकतो आणि मोठ्यांचे हात चर्चेबाहेर ठेवतो. अनुकरण चांगल्या-वाईट दोन्ही सवयींचे होते, हे विसरून कसे चालेल? सकाळी पायरीवर बसून मशेरीने, म्हणजे तंबाखू भाजून केलेल्या पुडीने, दात घासणाऱ्या आजीजवळ बसलेले नातवंड तिचे बोट बघत असते. त्याच्या हातात कितीही रंगीत ब्रश दिला तरी त्याच्या लेखी खरे दात घासणे तेच ठरते.

शिस्तवाद्यांनी यावर खूष होण्याचे कारण नाही. मुलांचे लाड नकोत, पूर्वीच्या आया असल्या भानगडीत पडत नव्हत्या, असे म्हणताना ते हमखास श्यामच्या आईचे नाव घेतात, आणि साने गुरुजी याच जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या पालगडचे असल्याने तो दाखला येथे अधिक आपुलकीने दिला जातो. परंतु १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात अंघोळीनंतरच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई त्याला फटका न देता स्वतःचे ओचे धोंडीवर पसरते, त्यावर पाय टेकून मुलगा उडी मारतो. मनाची स्वच्छता राखण्याचा जो उपदेश सर्वांना पाठ असतो तो या हट्टानंतर येतो, हट्ट पुरवल्यानंतर येतो. त्या श्यामचे वय येथे चर्चेत असलेल्या मुलांपेक्षा अधिक होते. तरीही त्याला स्वच्छ तळव्यांचाच लोभ सुटला होता, बदल्यात त्याला काही मिळायचे नव्हते, आणि आईने त्या लोभाचा मान राखला. शिस्तवाद्यांनी आणि रंजनवाद्यांनीही हे पान पुन्हा वाचावे.

उरतो तो पाण्याचा आक्षेप, आणि तो या जिल्ह्यात हसण्यावारी नेता येत नाही. एवढा पाऊस पडूनही जांभ्यात पाणी टिकत नाही, उतारावरून ते समुद्राला मिळते, आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांतील विहिरींनी तळ गाठल्यावर टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी हंडाभर पाण्यासाठी चढ चढून आलेल्या बाईला मुलाला पाण्यात खेळू द्या असे सांगणे हा उर्मटपणा ठरेल. परंतु मुलाच्या मौजेला वाहता नळ लागतो हाच मुळी गैरसमज आहे. त्याला ताबा हवा असतो, विपुलता नव्हे. अर्धा लिटर मावेल एवढा लहान तांब्या, खाली घमेले, आणि या तांब्यात आहे तेवढेच पाणी हा नियम असला तर ते सर्व पाणी मोजूनमापून वापरण्यात मूल रंगून जाते व घमेल्यातले पाणी दारच्या अळवाला घालता येते. झिंबाब्वेत निघालेली व नंतर अनेक गरीब देशांत पसरलेली पायाने ओढायच्या दोरीची डबा-टोटी, म्हणजे काठी दाबली की लटकता डबा कलून बारीक धार देणारी जुळणी, थोड्या पाण्यात भागते आणि जुना कॅन, दोरी व दोन काठ्या यांत उभी राहते. मुलाला ती वापरताना थांबवावे लागते, बोलवावे लागत नाही.

वेळेचा आक्षेप यापुढे फिका आहे. सकाळी नोकरीची घाई असते हे खरे, पण टांगून, रडवून, समजूत काढून आणि मोबाईल शोधून जो वेळ जातो तो मुलाला स्वतः धुऊ देण्याच्या वेळेपेक्षा सहसा कमी नसतो. खरा अडथळा उंचीचा आहे, आणि तो घराप्रमाणेच अंगणवाडीतही आहे. जलजीवन मिशनने २ ऑक्टोबर २०२० रोजी शाळा व अंगणवाड्यांना नळाचे पाणी देण्याची शंभर दिवसांची मोहीम सुरू केली, आणि पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठीच राखून ठेवली. मात्र नळजोडणी झाली की नोंद पुरी होते. टोटी जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्या नोंदीत कोठेही येत नाही. जोडणीचा दाखला देण्यापूर्वी तीन वर्षांचे मूल त्या टोटीला स्वतःचा हात लावू शकते का, एवढे पाहण्याची अट ग्रामसभेला ठरावाने घालता येईल, आणि त्यासाठी कार्टूनच्या बाटल्यांवर होणाऱ्या खर्चाहून अधिक काही लागणार नाही.